अर्धी गोष्ट शब्दांत, अर्धी चित्रात: लहान मुलांचं चित्रपुस्तक चालतं कसं

एक जोडपान डोळ्यांसमोर आणा. डाव्या कोपऱ्यात खाली दोनच ओळी: "आज आमच्याकडे पाहुणे आलेत. आजी म्हणाली, आधी त्यांना पाणी दे." चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा दिवाणखाना, मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा, आणि झोपाळ्यावर ऐसपैस पसरलेली मगर. शेपटी पार जमिनीवर लोळतेय. आजी चष्मा कपाळावर सरकवून मटार सोलतेय. दारात पाच वर्षांची मुलगी तांब्या घेऊन थबकलीय.

शब्दांमध्ये मगर कुठेच नाही. आणि हे पाहुणे आहेत, त्यांचा पाहुणचार करायचा आहे, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. दोन्ही एकत्र आले की मुलाच्या डोक्यात काहीतरी खट्कन जुळतं आणि ते खिदळायला लागतं. आता त्याच पानावर "झोपाळ्यावर एक मोठी मगर बसली होती" असं लिहून बघा. चित्र तेच, मगर तीच, पण मुलाला करायला काही उरलं नाही. कल्पनारम्य चित्रपुस्तकाची सगळी कारागिरी या मधल्या जागेत असते. लेखकाने, चित्रकाराने आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसानेही ती मोकळी ठेवायची असते. तिघांपैकी कुणीही एकाने ती भरून टाकली की पुस्तक बिघडतं, आणि बहुतेक वेळा भरणारा तिसराच असतो.

म्हणूनच सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांतच पूर्ण असते आणि चित्रं सोबतीला असतात. त्यात वाईट काही नाही, सात-आठ वर्षांच्या मुलांना ती हवीच असतात. पण तीन-चार वर्षांच्या मुलासाठी चित्रपुस्तक घ्यायचं असेल, तर दुकानात उभ्या उभ्या एक चाचणी करता येते. चित्रावर हात ठेवून फक्त मजकूर वाचा. गोष्ट पूर्ण कळली तर ते चित्रपुस्तक नव्हे. मग मजकूर झाकून फक्त चित्रं बघा. सुमारे अर्धं कळलं, आणि उरलेल्याबद्दल प्रश्न पडले, तर पुस्तक घ्यायला हरकत नाही.

डोळे एकीकडे, कान दुसरीकडे

हे असं का चालतं, याचं उत्तर मुलाच्या नजरेत आहे. २००५ साली कॅनडातल्या संशोधकांनी मुलांची नजर टिपणारं यंत्र लावून पाहिलं. पुस्तक वाचून दाखवलं जात असताना लहान मुलं अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाहीत, नजर चित्रावर फिरत राहते. शब्द कानांनी येतात, चित्र डोळ्यांनी, आणि दोन्ही एकाच वेळी. मोठ्यांचं तसं नसतं. आपण ओळ वाचतो, मग चित्रावर नजर टाकतो आणि पान उलटतो. त्यामुळे चित्रातल्या कोपऱ्यातलं मांजर पहिल्यांदा मुलाला दिसतं, आपल्याला चौथ्या वाचनात.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ओळ वाचून संपली म्हणजे पान संपलं असं नाही. दोन ओळी वाचायला सहा सेकंद लागतात, जोडपानाचं चित्र फिरून बघायला मुलाला पंधरा-वीस लागतात. पान मुलाला उलटू द्या. हात लहान असेल तर उजव्या पानाचा वरचा कोपरा थोडा उचलून धरा, पुढचं ते करेल.

पान उलटणं हे चित्रपुस्तकातलं सगळ्यात जोरकस हत्यार आहे. ते कागदावर दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. जाणकार लेखक प्रश्न उजव्या पानावर ठेवतो आणि उत्तर पान उलटल्यावर देतो. "दार वाजलं. कोण असेल?" हे उजव्या पानाच्या तळाशी आलं पाहिजे. तेच डाव्या पानावर आलं आणि उत्तर समोरच उजवीकडे दिसत असलं, तर प्रश्न विचारायच्या आधीच फुटला. भाषांतरित पुस्तकांत ही चूक बऱ्याचदा आढळते: मजकूर लांबतो, मांडणी करणारा तो जागा मिळेल तिथे बसवतो आणि एक ओळ मागच्या पानावर सरकते.

चित्रांना दिशाही असते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे उजवीकडे तोंड केलेलं पात्र 'निघालंय' असं वाटतं आणि डावीकडे तोंड केलेलं 'परत येतंय' किंवा 'अडलंय' असं. मगर घरात शिरताना डावीकडून आली पाहिजे. तिला उजवीकडून आणलं तर मुलाला काही चुकलं असं सांगता येणार नाही, पण पुढच्या पानावर जायची ओढ मंदावते.

कोणत्या वयाला काय कळतं

नऊ महिन्यांचं बाळ चित्रातला चेंडू उचलायला जातं, कागद नखांनी खरवडतं. दीड वर्षाच्या पुढे ते उचलायचं थांबवून बोट दाखवायला लागतं, कारण चित्र हे वस्तूचं चित्र आहे हे त्याला उमगलेलं असतं. दोन वर्षांपर्यंत गोष्टीचा हट्ट धरू नका. एका पानावर एक वस्तू, स्वच्छ कडा, जाड पुठ्ठा, गोल कोपरे, एवढं पुरे.

खरी गंमत तीन ते पाचच्या दरम्यान आहे. वरच्या मगरीच्या पानाची मजा तीन वर्षांच्या मुलाला अर्धीच येते. त्याला मगर दिसते, पाहुणे ऐकू येतात, ते हसतं. पण "आजीचा चष्मा कपाळावर आहे, म्हणून तिला मगर दिसलीच नाही" हा विनोद समजायला एक गोष्ट लागते: मला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं, ही जाणीव. ती साधारण चार वर्षांच्या आसपास पक्की होते. त्याआधी 'वाचकाला कळलंय, पात्राला नाही' अशा पुस्तकावर मूल गप्प बसलं, तर ते मंद नाही आणि पुस्तकही वाईट नाही. सहा महिन्यांनी पुन्हा काढा.

कल्पनेचा एक नियम मोठ्यांना उलटा वाटतो: गोष्ट जितकी अद्भुत, तितकं बाकीचं जग साधं हवं. अशक्य गोष्ट एकच. मगर पाहुणी म्हणून आली, इथे थांबायचं. ती उडायला नको, तिला पंख नकोत, आमच्या मते तिने बोलायलाही नको. झोपाळा खरा, त्याची कुरकुर खरी, आजीचे मटार खरे, बाहेरचा पाऊस खरा. आधाराला एवढं खरं असलं, की त्या एका अशक्य गोष्टीवर मूल पाऊल टाकतं. सगळंच अद्भुत असलेल्या पुस्तकात, जांभळं आकाश, बोलणारे ढग, उडणारे मासे, नाचणारी घरं, मुलाला आश्चर्य वाटायला काही शिल्लक राहत नाही. अशी पुस्तकं दिसायला फार देखणी असतात आणि दुसऱ्या वाचनानंतर कपाटात पडून राहतात.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांना अद्भुत शोधायला लांब जावं लागत नाही. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्या, हे इथल्या प्रत्येक मुलाने घरात ऐकलंय. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, समुद्रापासून इतक्या आत. मूल त्याच्याखाली उभं राहून काय काय विचारतं ते लिहून ठेवलं, तरी एका पुस्तकाचा कच्चा माल होतो.

मगरीच्या बाबतीत मात्र एक खबरदारी हवी. लहान मुलं गोष्टीतलं वागणं खऱ्या आयुष्यात कधी आणतात आणि कधी नाही, याचा भरवसा नसतो. नदीकाठच्या घरात असं पुस्तक वाचलं, तर खरी मगर दिसली की लांब राहायचं आणि मोठ्यांना हाक मारायची, हे स्पष्ट सांगा. पण पुस्तक मिटल्यावर सांगा. मधेच सांगितलंत तर गोष्ट तिथेच मेली.

वाचून दाखवताना काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघाड प्रश्नांमुळे होतो. "हा कुठला रंग? किती फुलं आहेत? मोजून दाखव बरं." ही परीक्षा झाली. तीन पानांत मूल पुस्तक मिटून टाकतं आणि आपण म्हणतो, याला वाचनाची आवडच नाही. त्याखालोखाल तात्पर्य. "म्हणून आपण पाहुण्यांशी नेहमी चांगलं वागायचं, हो ना?" याला मूल "हो" म्हणतं, कारण तसं म्हटल्याशिवाय सुटका नसते.

प्रश्न विचारूच नयेत असं मात्र नाही. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचनाची एक पद्धत शिकवली. 'हो-नाही'त संपणारे प्रश्न कमी करायचे, मुलाला सांगायला लावणारे वाढवायचे, आणि मूल जे बोलेल ते थोडं वाढवून परत म्हणायचं. चार आठवड्यांत ती मुलं बोलण्यात नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. घरी हे असं दिसतं:

मूल: "शेपटी!"
तुम्ही: "केवढी लांब शेपटी, पार उंबऱ्यापर्यंत गेलीय."
(थांबा. मनात पाचपर्यंत मोजा.)
मूल: "बाहेर गेली तर पाय पडेल तिच्यावर."

ते पाच अंक महत्त्वाचे आहेत. आपल्याला दोन सेकंदांची शांतता अवघडल्यासारखी वाटते आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो, नेमका मूल वाक्य जुळवत असताना. पहिल्या वाचनात मात्र एकही प्रश्न नको, गोष्ट सरळ शेवटपर्यंत जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून थांबत थांबत वाचा. एका बैठकीला आठ-दहा मिनिटं पुरतात. तेच पुस्तक पंधरा दिवस रोज मागितलं जाईल. कंटाळा येईल, तरी वाचा. अशा वेळी मूल पुढचं शब्दशः ओळखून दाखवत असतं, आणि वाचायला शिकण्याची ती पहिली पायरी आहे. रात्री थकून तुम्ही एक ओळ गाळलीत तर ते लगेच पकडेल.

घरात मराठी, गल्लीत गुजराती

वडोदऱ्याच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. आजी मराठीत बोलते, शेजारची पोरं गुजरातीत, शाळा इंग्रजीत. मग पुस्तक कोणत्या भाषेतलं आणायचं? चित्रपुस्तकाचा मोठा फायदा इथेच आहे. चित्र कुठल्याच भाषेचं नसतं, आणि एकाच चित्राभोवती दोन भाषा आरामात बसतात. मूल "जो, एनी पूंछडी!" म्हणालं, तर "मराठीत बोल" असं अडवू नका. "हो, केवढी लांब शेपटी!" एवढंच म्हणा. योग्य शब्द त्याच्या कानावर पडला आणि बोलणंही थांबलं नाही. मुलाने कोणत्याही भाषेत उत्तर द्यावं, वाचणाऱ्याने मात्र आपली भाषा सोडू नये. आजी मराठी तर मराठीच, शेजारच्या बा गुजराती तर गुजरातीच.

एकाच पानावर दोन लिप्या छापलेली पुस्तकं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही सुचवणार नाही. मजकूर दुप्पट होतो, चित्र आक्रसतं, आणि वाचणारा माणूस दोन्ही वाचत बसतो. त्यापेक्षा एकच पुस्तक दोन भाषांत वेगवेगळं मिळालं तर उत्तम. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची पुस्तकं मराठीत आणि गुजरातीत आहेत, फुकट उतरवून छापता येतात. चेन्नईच्या तूलिकाची पुस्तकं दोन्ही भाषांत निघतात. मराठीसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी चाळावी.

विकत घेताना अक्षरांकडेही बघा. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा लागते. १८ ते २४ पॉइंटचं अक्षर आणि त्याच्या दीडपट ओळींचं अंतर असलं की डोळ्यांना बरं. गडद चित्रावर पांढरी बारीक अक्षरं छापली की छपाईत शाई पसरते आणि अनुस्वार बुजतात. उघडझाप करणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या असलेली पुस्तकं मुलांना प्रिय असतात, पण लक्ष खिडकीवर राहतं, गोष्टीवर नाही. एखादं असू द्या.

महागाईवर या शहराकडे जुना उपाय आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि त्याने उभारलेल्या व्यवस्थेत पुस्तकं लाकडी पेट्यांमधून गावोगाव फिरत. सोसायटीतल्या सहा घरांनी प्रत्येकी चार पुस्तकांची एक पेटी केली आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाने आपल्याकडची पेटी पुढच्या घरी सरकवली, तर तीन महिन्यांत प्रत्येक मुलासमोरून चोवीस पुस्तकं जातात. पेटीत एकाच वेळी आठपेक्षा जास्त पुस्तकं ठेवू नका. जास्त ठेवली की मूल नुसती उपसतं.

घरी सोळा पानांचं करायचं तर

छापील चित्रपुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानांची का असतात? मोठ्या तावाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापून ताव तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फॉर्म होतो. दोन फॉर्म म्हणजे ३२, दीड म्हणजे २४. घरी चार ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की तेच होतं.

कागद १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या. ७० चा झेरॉक्सचा कागद नको, मागचं चित्र पुढे दिसतं. पानं लावताना एक सूत्र लक्षात ठेवा: कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ असते. सगळ्यात बाहेरच्या कागदावर १६ आणि १, त्याच्या पाठीमागे २ आणि १५. सगळ्यात आतल्यावर १० आणि ७, पाठीमागे ८ आणि ९. म्हणजे अखंड कागदावर येणारं जोडपान एकच, ८-९. झोपाळ्यावरची मगर तिथे. बाकीच्या जोडपानांत दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि जुळवताना मिलिमीटरभर सरकतात, त्यामुळे तिथे घडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. मजकूरही घडीपासून दीड सेंटिमीटर दूर.

पहिल्या पानावर नाव. २-३ वर पाऊस आणि चढणारी नदी. ४-५ वर घर, आजी, मटार, आणि पाचव्या पानाच्या तळाशी "दार वाजलं." ६-७ वर मगर पूर्ण दाखवायची नाही: उंबरा, चिखल आणि शेपटीचं टोक. मग ८-९. पुढच्या तीन जोडपानांत पाहुणचार आणि निरोप. सोळावं पान शब्दांविना ठेवा, उंबऱ्यावरचे चिखलाचे चार पंजे आणि मधून गेलेली शेपटीची रेघ. पूर्ण गोष्ट शंभर ते दीडशे शब्दांत बसली पाहिजे. जास्त झाले तर आधी ते शब्द काढा जे चित्रात दिसतायत, विशेषणं बहुतेक तीच असतात.

रंगवण्याआधी पेन्सिलीने काड्या-माणसांची कच्ची प्रत करा आणि मुलाला एकदा वाचून दाखवा. कुठे पान उलटायची घाई होते आणि कुठे नजर खिडकीकडे जाते, ते तिथेच कळतं. मग रंग. जलरंगाने या जाडीचा कागद सुरकुततो, स्केचपेन पलीकडे उमटते, मेणखडू समोरच्या पानाला लागतो. म्हणून चित्रं वेगळ्या जाड कागदावर काढून कलर झेरॉक्स करून घेणं सोपं. प्रती दोन काढा, एक फाटणार आहे.

मुखपृष्ठाला २०० ते २५० जीएसएमचं कार्ड. दुमडायच्या रेषेवर आधी संपलेल्या रिफिलने पट्टी लावून दाब द्या, नाहीतर घडीवर कार्ड तडकतं. स्टेपलरची पिन नको, ती उचकटते आणि तोंडात जाते. दाभणाने घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, बाकी दोन त्याच्या वर-खाली सहा-सहा सेंटिमीटरवर. पन्नास सेंटिमीटर जाड दोऱ्याला मेण लावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या बाजूने थेट खाली जाऊन खालच्या भोकातून बाहेर, आणि मधल्यातून परत आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ सैल पडते आणि आठवड्याभरात मधला कागद निसटतो.

आतली पानं बाहेरच्यांपेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे आलेली दिसतील. घडीच्या जाडीमुळे तसं होतं. स्टीलची पट्टी धरून नव्या पात्याच्या कटरने ती कड एका रेषेत कापा, तीन-चार हलक्या फेऱ्यांत. एकाच जोराच्या फेरीत कागद ओढला जातो आणि कड फाटते. कापणं शिवल्यानंतरच, आधी नाही.